मांजर वगळून

न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकऱ्यांसाठी एक कायदा केला. त्यातलं एक कलम सांगतं, की पाव, बिस्किटं किंवा केक जिथे बनतात आणि जिथे पिठाची पोती ठेवलेली असतात, त्या खोलीत एकही पाळीव जनावर राहता कामा नये. मांजर वगळून.

कायद्याची भाषा सहसा कोरडी असते, पण ह्या दोन शब्दांत अख्खं तळघर उभं राहतं. उंदीर आहेत आणि ते जाणार नाहीत, हे कलम लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. पोत्यांवरून मांजर फिरलं तर केस पडतील, हेही ठाऊक आहे. दोन्ही बाजू तोलून त्याने मांजराच्या बाजूने निकाल दिला. बाकीच्या जनावरांची नावं तो घेत नाही, पण बंदी घालावी लागली म्हणजे कुठे ना कुठे तीही असणारच.

जुने नियम वाचायला मला आवडतात ते ह्याचसाठी. ते उलटे वाचायचे असतात. जे कुणी करतच नाही, त्याला कुणी मनाई करत नाही. ‘संडास पीठ मळायच्या खोलीत किंवा तिला थेट जोडून असू नये’ असं कलम दिसलं, की समजायचं, तसा तो होता. ‘कामगारांची झोपायची जागा वेगळी असावी’ असं दिसलं, की समजायचं, माणसं पिठाशेजारी झोपत होती. इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि तह सापडतात. झुरळं सापडायची तर इन्स्पेक्टरचे अहवालच उघडावे लागतात.

असे बरेच नियम एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा एक गोष्ट मला छळू लागली. ह्या सगळ्या कागदांत पाव फार बारकाईने पाहिलेला आहे. पाव करणारा माणूसही त्यात आहे, पण बहुतेक वेळा तो एक घाण म्हणून आहे. त्याचा घाम, त्याची थुंकी, त्याचे केस, त्याचं अंथरूण.

बाराव्या शतकातल्या शाममधल्या, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागातल्या, अल-शैझरीचं उदाहरण घ्या. त्याने मुहतसिबांसाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात पाव भाजणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. भट्टीच्या जागेचं छप्पर उंच असावं आणि धूर जायला वर मोठी धुराडी असावी. भट्टी वेळोवेळी झाडून घ्यावी. कणीक मळायची काथवट घासूनपुसून ठेवावी. मळणाऱ्याने पायांनी, गुडघ्यांनी किंवा कोपरांनी कणीक मळू नये, कारण काखेतला घाम त्यात पडेल. त्याने तोंडावर फडकं बांधावं, म्हणजे शिंक आली किंवा बोलला तर थुंकी उडणार नाही. कपाळाला पांढरी पट्टी बांधावी. हातांवरचे केस काढून टाकावेत. आणि दिवसा मळत असेल तर शेजारी एक माणूस माश्या वारायला उभा करावा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारीख पुन्हा तपासली. जंतू ही कल्पना जन्माला यायला अजून सात शतकं होती. सूक्ष्मदर्शक नव्हता, पाश्चर नव्हता. पण मुखपट्टी आहे, कपाळपट्टी आहे, धुराडं आहे. आजच्या एखाद्या अन्न-निरीक्षकाच्या तपासणी-तक्त्यात ह्यातलं निम्मं तसंच्या तसं सापडेल. ह्यासाठी विज्ञान लागलं नाही, किळस पुरली. दुसऱ्याच्या काखेतला घाम आपल्या घासात नको, एवढं कळायला माणसाला प्रयोगशाळा लागत नाही.

पण त्या कपाळपट्टीकडे जरा थांबून पाहावंसं वाटतं. ती घामासाठी आहे हे खरं, पण त्या माणसाच्या डोळ्यांत घाम जाऊ नये म्हणून नाही. घाम कणकेत पडू नये म्हणून आहे. पट्टी तीच, जागा तीच, फायदाही बहुधा दोघांना. पण नियम कुणाकडे तोंड करून उभा आहे, ते पट्टी बांधण्याच्या कारणावरून कळतं.

मध्ययुगीन लंडनमध्ये तर ही किळससुद्धा मागे होती. तिथे सगळा जीव वजनात अडकलेला. १२६६च्या सुमाराच्या कायद्याने पावाची किंमत बांधून ठेवली होती आणि वजन गव्हाच्या भावाप्रमाणे वरखाली होई. गहू महाग झाला की पाव तेवढ्याच पैशाला लहान मिळायचा. प्रत्येक पाववाल्याचा स्वतःचा शिक्का असे, म्हणजे उणा पाव सापडला तर चोर शोधत हिंडायला नको. पहिल्या गुन्ह्याला अपराध्याला एका ओढगाडीवर घालून, गळ्यात त्याचाच तो पाव अडकवून, गिल्डहॉलपासून, म्हणजे नगरसभेच्या इमारतीपासून, गर्दीच्या रस्त्यांवरून फरफटत नेत. दुसऱ्या गुन्ह्याला तासभर खोड्यात. तिसऱ्याला भट्टी पाडून टाकायची आणि धंदा कायमचा बंद.

१३२७ साली जॉन ब्रिड नावाच्या एका भट्टीवाल्याचं प्रकरण नगरदरबारी नोंदलं गेलं. लोक घरून कणीक मळून आणत आणि ह्याच्या भट्टीत भाजून नेत. ह्याने आपल्या मेजाला एक भोक पाडून त्याला झाकण बसवलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं, कणीक मेजावर, आणि मेजाखाली दडून बसलेला ह्याचा माणूस भोकातून थोडी थोडी कणीक खाली ओढून घेतोय. एवढी कल्पकता प्रामाणिक कामात लावली असती तर, असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मला त्या मेजाखालच्या माणसाचं जास्त कुतूहल वाटतं. तासन् तास वाकून बसणारा तो नोकर ही त्या काळातली एक नोकरीच होती.

पॅरिसकरांचा वाद आणखी वेगळा. तिथे सतराव्या शतकात दारू गाळणाऱ्यांकडचं यीस्ट घालून हलका, मऊ पाव करायची टूम निघाली आणि हे यीस्ट आरोग्याला घातक आहे का, ह्यावर वैद्यक विद्यापीठात खडाजंगी झाली. १६६८ साली वैद्यांनी बहुमताने ते घातक ठरवलं. दोन वर्षांनी पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, ताजं आणि शहरातलंच यीस्ट असेल तर चालेल असा तोडगा काढला. लोक तोवर मऊ पाव खातच होते.

तुरटीची गोष्ट मात्र सोडून पुढे जाववत नाही. पांढराशुभ्र पाव म्हणजे चांगला पाव, ही समजूत शहरांत इतकी घट्ट बसली, की हलक्या, काळपट पिठाला पांढरं करायला पाववाले तुरटी घालू लागले. फ्रेडरिक आकुम ह्या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. मग १८५०च्या दशकात डॉ. आर्थर हिल हॅसल सूक्ष्मदर्शक घेऊन बसले. दुकानांतून विकत आणलेल्या पदार्थांचे निकाल ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात येऊ लागले, तेही विकणाऱ्याच्या नावपत्त्यासकट. पाव जिथून आणावा तिथे तुरटी. १८५७ साली डॉ. जॉन स्नो ह्यांनी, कॉलरा पंपाच्या पाण्यातून पसरतो हे दाखवल्यामुळे जे आपल्याला माहीत असतात त्यांनीच, लंडनच्या मुलांतल्या मुडदूसाचा संबंध पावातल्या तुरटीशी जोडून दाखवायचा प्रयत्न केला.

इथे मला खाणाऱ्याची बाजू घेता येत नाही. तुरटी पाववाल्याने घातली हे खरं, पण पांढरा पाव मागितला कुणी? स्वच्छतेचा रंग पांढरा, हे खाणाऱ्याने ठरवलं आणि मग त्या पांढऱ्यात काय मिसळलंय ते बघायला शंभर वर्षांनी सूक्ष्मदर्शक आणावा लागला.

आणि आता तळघर.

बेकरी तळघरात का गेली, ह्याचं उत्तर साधं आहे. विटांची भट्टी अवजड असते. वरच्या मजल्यावर बांधायची तर जमीन तेवढी भक्कम हवी, खाली मात्र धरणीच असते. तळघराचं भाडं कमी. कणीक फुगायला ऊब लागते, ती तळघरात टिकते, वारा लागत नाही. वर दुकान, खाली भट्टी, रस्त्याच्या कडेच्या झडपेतून पिठाची पोती आत ढकलायची. धंद्याच्या दृष्टीने ह्याहून सोयीची जागा नाही. अडचण एवढीच, की शहराची गटारंही त्याच पातळीवरून जातात.

लंडनच्या पाव-कारागिरांनी जादा कामाविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज केले, तेव्हा सरकारने ह्यू सेमूर ट्रेमेनहीर ह्या अधिकाऱ्याला चौकशीला नेमलं. त्याचा अहवाल १८६२ सालचा. त्यातली रात्र मी अनेकदा वाचली आहे. कारागीर रात्री अकराच्या सुमारास कामाला लागतो. आधी कणीक मळायची, अर्धा ते पाऊण तास. पोत्यांच्या हिशोबाने मळायची कणीक, परातीच्या नव्हे. मग ती फुगेपर्यंत दोनेक तास मोकळे. तेवढ्यात तो त्या लांब काथवटीच्या झाकणावरच आडवा होतो. खाली एक पोतं, उशाला दुसरं गुंडाळून. त्याच्या पाठीखाली, एका फळीच्या अंतरावर, उद्या शहर खाणार ती कणीक फुगत असते. मग उठून सलग पाच तास धावपळ: कणीक काढायची, तोलायची, गोळे वळायचे, भट्टीत सारायचे, काढायचे. खोलीतली उष्णता ७५ ते ९० अंश फॅरनहाइटच्या वर, आणि लहान जागेत नव्वदीच्याच आसपास. एवढं झाल्यावर त्यातल्या अनेकांना पाट्या डोक्यावर घेऊन किंवा हातगाडी ढकलत घरोघर पाव पोचवायला जायचं असे.

पाव करणं संपलं की दिवस संपला, असं नव्हतं. शिवाय लंडनमधले सुमारे तीन चतुर्थांश पाववाले भाव पाडून विकणारे होते, असं त्या चौकशीत पुढे आलं. स्वस्त पावाची स्वस्ताई कुठून येते, तर एक तुरटीतून आणि दुसरी कारागिराच्या झोपेतून.

अहवालाने खळबळ उडाली. पण कशामुळे? घाम, जळमटं, मेलेली झुरळं, फोडांतला पू, नासलेलं यीस्ट, हे सगळं आपल्या पावात आहे ह्यामुळे. कार्ल मार्क्सने हा अहवाल बारकाईने वाचला होता आणि कामाच्या तासांवर लिहिताना त्याने टोमणा मारला, की ह्याने जनतेचं हृदय नाही, पोट ढवळलं. टोमणा बिनचूक आहे. पण मला त्यात एक घाई वाटते. पोट ढवळलं हे काही थोडं झालं नाही. कारागीर ह्याआधीही वर्षानुवर्षं ओरडत होते. किंग्ज कॉलेजचे डॉ. विल्यम गाय ह्यांनी १८४८मध्येच त्यांच्या छातीच्या दुखण्यांबद्दल सांगितलं होतं. तेव्हा तळघराचं दार उघडलं नव्हतं. ते उघडलं किळसेने. माणूस दुसऱ्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू शकतो, तो खोकला आपल्या ताटात पडतोय म्हटल्यावर मात्र उठून उभा राहतो. हे माणसाबद्दल फारसं बरं बोलत नाही, पण सुधारणा आणू पाहणाऱ्याने हे ओळखून असावं.

दार उघडलं आणि १८६३ साली बेकऱ्यांचा कायदा आला. पाच हजारांवर वस्तीच्या गावांना लागू. त्यात काय आहे पाहा. भिंती आणि छताला चुना लावायचा, दर सहा महिन्यांनी. नाहीतर तेलरंगाचे तीन हात द्यायचे, ते सात वर्षांनी नवे करायचे आणि सहा महिन्यांनी गरम पाणी आणि साबणाने धुवायचे. भट्टीच्याच पातळीवर कुणी झोपत असेल तर ती जागा जमिनीपासून छतापर्यंत भिंत घालून वेगळी करायची आणि तिला बाहेरच्या बाजूला किमान नऊ चौरस फुटांची काचेची खिडकी हवी, त्यातली निम्मी उघडणारी. अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच कामाला लावायचं नाही.

आणि मोठ्या माणसांचे तास? त्यावर अवाक्षर नाही. अर्ज होता तासांबद्दल. उत्तर आलं चुन्याबद्दल.

चुन्याची थट्टा करायची नाही. चुना लावलेली भिंत उजळ दिसते, तळघरात तो उजेड मोलाचा. त्याच्या तिखटपणात बुरशी आणि किडे टिकत नाहीत. स्वस्त, लवकर होणारा, आणि केला की नाही ते दारातूनच दिसणारा उपाय. निरीक्षकाला असाच नियम लागतो, जो डोळ्यांनी मोजता येतो. भिंत पांढरी आहे की नाही, खिडकी नऊ फूट आहे की नाही. माणूस किती दमलाय, ते मोजायची फूटपट्टी कुठल्याच कचेरीत नव्हती. एकेकदा वाटतं, कायद्यांत जे उतरतं ते महत्त्वाचं म्हणून उतरत नाही, मोजता येतं म्हणून उतरतं.

आणखी एक अडचण. कायद्याने अधिकाऱ्याला भट्टी चालू असतानाच्या वेळात आत शिरायची मुभा दिली होती. ती वेळ म्हणजे रात्री अकरा ते सकाळ. ज्या धंद्याची सगळी घाण अंधारात होते, तिची पाहणी उजेडात करणं म्हणजे जत्रा उठल्यावर मैदान बघणं. नगरपालिकांचा उत्साहही बेताचा होता. मग अंमलबजावणी कारखाना-निरीक्षकांकडे गेली, १८८३मध्ये किरकोळ बेकऱ्यांची पुन्हा स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे आली. कायद्यात भर पडत गेली: संडास, राखेचा खड्डा किंवा कचराकुंडी बेकरीत नको, संडासाच्या टाकीतलं पाणी कणकेला नको, त्यासाठी वेगळी टाकी हवी, गटाराचं तोंड आत उघडायला नको. उलटे वाचायची सवय लागली असेल तर ही यादी जेवणाआधी वाचू नये.

तळघरांवर शेवटी हात पडला तोही हळूहळू. १८९५च्या कायद्याने ब्रिटनमध्ये नव्या भूमिगत बेकरीला मनाई केली, जुन्या चालू राहिल्या. १९०१च्या कायद्याने भूमिगत म्हणजे काय ते ठरवलं, तर जिची जमीन फूटपाथच्या तीन फुटांहून जास्त खाली ती. आणि १ जानेवारी १९०४पासून अशा जागेला बांधकाम, उजेड, हवा ठीक असल्याचा स्थानिक संस्थेचा दाखला सक्तीचा झाला. ट्रेमेनहीरच्या अहवालापासून मोजलं तर बेचाळीस वर्षं. ज्या पोराने १८६२मध्ये काथवटीच्या झाकणावर डोळा लावला असेल, तो जगला असला तर एव्हाना साठीला आला असेल. जगला असला तर.

न्यूयॉर्कमध्ये हेच सगळं दाट वस्तीच्या चाळींखाली चालू होतं. वर पाच मजले कुटुंबं, खाली भट्टी. १८९४ साली एडवर्ड मार्शल ह्या बातमीदाराने ‘न्यूयॉर्क प्रेस’मध्ये तिथल्या पाव आणि घाणीवर लिहिलं, पुन्हा पोटं ढवळली, आणि पुढच्या वर्षी तो मांजरवाला कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाला. छत किमान आठ फूट उंच. जमीन सिमेंटची, फरशीची किंवा जवसाचं तेल पाजलेल्या लाकडाची. तीन महिन्यांनी सफेदी. हात धुवायची जागा वेगळी. झोपायची जागा वेगळी. पण ह्या कायद्यात एक कलम ब्रिटिशांच्या कायद्यात नसलेलं होतं: बेकरीतल्या कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांहून जास्त राबवायचं नाही.

ह्याच एका कलमावर जोसेफ लॉकनर अडला. यूटिका गावातला हा बेकरी-मालक. कामगाराला आठवड्याला साठ तासांवर राबवल्याबद्दल दुसऱ्यांदा पकडला गेला, पन्नास डॉलर दंड झाला, आणि तो भांडत भांडत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे त्याची बाजू मांडणाऱ्यांत हेन्री वाइसमन होता. आणि हा वाइसमन कोण? काही वर्षांपूर्वी बेकरी कामगारांच्या संघटनेचा पुढारी, ज्याने हा कायदा व्हावा म्हणून जिवाचं रान केलं होतं तो. मधल्या काळात तो संघटनेतून बाहेर पडला, स्वतः बेकरीचा मालक झाला, कायदा शिकला. कादंबरीत असं पात्र घातलं असतं तर संपादकाने ‘फारच ओढूनताणून’ असा शेरा मारला असता.

१७ एप्रिल १९०५ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, लॉकनरच्या बाजूने. मालकाशी हवा तो करार करायचं कामगाराचं स्वातंत्र्य तासांच्या मर्यादेने हिरावलं जातं, असा त्याचा गाभा. पण मला त्या निकालातला दुसराच भाग अस्वस्थ करतो. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पेकहॅम ह्यांनी कायद्याच्या बाकीच्या कलमांना हात लावला नाही. तपासणी, हात धुवायची जागा, संडास, छताची उंची, फरशी, हे सगळं रास्त आहे, असं त्यांनी मानलं. तासांचंच तेवढं नाही. कारण पाव स्वच्छ आणि चांगला असणं हे पाववाला दिवसाला दहाच तास काम करतो की नाही, ह्यावर अवलंबून नसतं.

म्हणजे सातशे वर्षं जे नुसतं गृहीत होतं ते आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शब्दांत मांडलं. पावाचं आरोग्य हा सगळ्यांचा प्रश्न, पाववाल्याचं आरोग्य हा त्याचा आणि त्याच्या मालकाचा. न्यायमूर्ती हार्लन ह्यांनी आपल्या विरोधी मतात डॉक्टरांचे दाखले दिले: श्वासाबरोबर आत जाणारं पीठ, फुप्फुसांची आणि श्वासनळ्यांची सूज, वाहणारे डोळे, पन्नाशीपलीकडे क्वचितच जगणारे कारागीर. ते अल्पमतात राहिले.

आणि पेकहॅम ह्यांचं म्हणणं खरं तरी आहे का? पंधराव्या तासाला हात धुतले जातात का, जसे पहिल्या तासाला धुतले जातात? पेंगणारा माणूस पीठ चाळतो का? साधी कणीक मळतानासुद्धा मनगटं भरून आली की मी काय काय गाळते, ते मला माहीत आहे, आणि ती चार माणसांपुरती असते. स्वच्छता हे कष्टाचं काम आहे. दमलेला माणूस सगळ्यात आधी तेच सोडतो.

पुढचा धक्का आगीचा. २५ मार्च १९११ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १४६ माणसं मेली, त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचं काम कपड्यांच्या कारखान्यांवर थांबलं नाही, ते तळघरांतल्या बेकऱ्यांतही उतरलं. फ्रान्सिस पर्किन्स त्याआधीच तिथे जाऊन आल्या होत्या, ग्राहकांच्या संघटनेकडून. ग्राहकांच्या, कामगारांच्या नव्हे. आत शिरायची वाट पुन्हा खाणाऱ्याच्या बाजूनेच. पण ही बाई पिठाच्या पोत्यांबरोबर माणसंही बघून आली. पुढे १९३३मध्ये ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९१३च्या कायद्याने न्यूयॉर्कमध्ये नव्या तळघर-बेकऱ्यांना मनाई झाली.

त्याच सुमाराला ब्रुकलिनमध्ये वॉर्ड कंपनीचा पांढराशुभ्र प्रचंड कारखाना उभा राहिला होता. त्यांच्या पावाची मोठी जाहिरात ही, की त्याला माणसाचा हात लागत नाही. ब्रिटनमध्ये डॉ. जॉन डॉग्लिश ह्यांनी १८५६मध्येच कणकेत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू भरून यीस्टशिवाय, मळण्याशिवाय पाव करायची युक्ती काढली होती. तिचीही हीच फुशारकी. घामाची किळस इथपर्यंत आली. कपाळाला पट्टी बांधा, मग हात धुवा, मग अंथरूण बाहेर न्या, आणि शेवटी कपाळ, हात, अंथरूण असलेला तो माणूसच काढून टाका. मी हे नुसतं खंतावून म्हणत नाही. त्या काथवटीवरून कुणी कायमचा उठला असेल तर बरंच झालं. पण जो उठला तो कुठे गेला, हे जाहिरातीत नव्हतं.

रात्रीचं मात्र राहिलंच होतं. इतके नियम झाले, तरी रात्रीला फारसं कुणी हात लावला नव्हता, कारण सकाळी न्याहारीला ताजा पाव हवा. त्याला तळघर कारण नव्हतं, मालकाची हाव एकटी कारण नव्हती. रात्र सुरू होत होती ती खाणाऱ्याच्या मेजावरून. कारागिरांनी अर्धशतकाहून जास्त काळ मागितलेली ही एक गोष्ट शेवटी दिली ती महायुद्धाने, आणि तीही धान्य वाचावं म्हणून. ताजा पाव माणूस जास्त खातो, शिळा बेताने खातो. जर्मनीने जानेवारी १९१५मध्ये रात्रीचं पाव भाजणं बंद केलं. ब्रिटनने १९१७मध्ये हुकूम काढला, की भाजून बारा तास झाल्याशिवाय पाव विकायचा नाही. ज्याच्याशिवाय शहराचं पान हलत नाही असं सांगितलं जात होतं, तो गरम पाव एका हुकमाने गेला, आणि लोकांनी कालचा पाव खाल्ला.

फ्रान्सने मार्च १९१९मध्ये रात्री दहा ते पहाटे चार भट्ट्या बंद ठेवायचा कायदा केला. आणि १९२५ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रात्रीच्या पावकामाविरुद्ध करार मांडला. ‘रात्री’त अकरा ते पहाटे पाच हे तास यावेत, काही ठिकाणी त्याऐवजी दहा ते चार. बंदी सगळ्यांना, मालकालाही, हे स्पष्ट लिहिलं, कारण मालकाला सूट दिली तर छोटा दुकानदार बायकामुलांसह रात्रभर राबून सकाळी गरम पाव मांडणार आणि मग शेजारच्यालाही रात्र काढावी लागणार. करार फारशा देशांनी मानला नाही. ब्रिटनमध्ये बेकरीच्या तासांचा कायदा यायला १९५४ उजाडलं.

जिनिव्हाच्या त्या मसुद्यात सूट होती ती बिस्किटांच्या घाऊक कारखान्यांना, आणि घरच्या माणसांनी घरच्या खाण्यापुरता पाव केला तर त्याला. म्हणजे पहाटे पाचला गरम पाव हवाच असेल, त्याने रात्री अकराला स्वतः उठून कणीक मळायला हरकत नव्हती.